जावईबापूंचं मशीन

अवजारांच्या दुकानात गाड्या पॉलिश करायची तीन मशिनं होती आणि जावईबापू कित्येक आठवडे ती तिन्ही आलटून पालटून हातात घेऊन बघत होते. पुसायची फडकी घ्यायला आले की बघायचे, पॉलिशच्या कंपाउंडचा डबा घ्यायला आले की बघायचे, आणि काहीच घ्यायचं नसलं तरी "सहज डोकावलो" म्हणून बघायचे. "इतक्या वेळा मुलगी बघून लग्न ठरवलं नसतंत, तर मुलीच्या भावांनी एव्हाना धरून बडवलं असतं तुम्हाला," असं दुकानदार त्यांना तोंडावर म्हणाला होता. जावईबापू हसले आणि पुन्हा पहिल्या मशीनकडे वळले.

पहिलं मशीन स्वस्तात स्वस्त. बटण दाबलं की ते हातातून उसळी घ्यायचं आणि एकदम पूर्ण वेगानं फिरायला लागायचं. असं मशीन गाडीवर टेकवलं की कंपाउंडचे शिंतोडे भिंतीवर, आणि कडेचा रंग जळून खालचा प्रायमर उघडा. दुसरं काचेच्या कपाटातलं, बड्या कंपनीचं. हलकं, मऊ आवाजाचं, अगदी सावकाश सुरू होणारं आणि वरून कितीही दाबा, वेग न सोडणारं. त्याची किंमत ऐकली की जावईबापू ते, रडू लागलेलं तान्हं मूल आईकडे द्यावं तसं, दुकानदाराच्या हातात परत द्यायचे.

तिसरं या दोहोंच्या मधलं. कंपनीचं नाव कुणी ऐकलेलं नाही, वजनाला जरा जड, डोकं लवकर तापणारं. पण बटण दाबल्यावर ते दमानं सुरू व्हायचं, वेगाची चकती बोटानं सहज फिरायची, आणि आतले कार्बन झिजले तर कुठल्याही दुकानात मिळाले असते. दगडापेक्षा वीट मऊ, या हिशेबानं बघितलं तर घ्यायचं मशीन हेच होतं आणि हे जावईबापूंना पहिल्याच दिवशी कळलं होतं.

"मग घ्या की," दुकानदार म्हणायचा.

"घेतो. वायर जरा आखूड वाटते."

"वायर वाढवता येते."

"आणि डोक्याचा आटा आपल्या पॅडच्या प्लेटला बसेल ना?"

"मागच्या वेळी बसवून दाखवला होता."

"हो, ते खरं. बघतो."

आता, जावईबापू हे काही त्यांचं जन्मनाव नव्हे. पण गेली काही वर्षं सासरे त्यांना तेच म्हणत, म्हणून शेजारचा टायरवाला तेच म्हणे, म्हणून गिऱ्हाइकं तेच म्हणत. एका घरचे जावई ते अख्ख्या गल्लीचे जावई झाले होते, त्यामुळे आपणही त्यांना जावईबापूच म्हणू.

पूर्वी ते एका मोठ्या वर्कशॉपमध्ये पॉलिशवाले होते. वर्कशॉप बंद पडलं तेव्हा सासरे स्वतः येऊन म्हणाले, "दुसरं काम मिळेपर्यंत दोन महिने आमच्याकडे राहा. खाली माझं दुकान आहेच, तेवढाच मला हातभार." तेव्हा त्यांची लेक छकुली कडेवर होती. आता ती दप्तर घेऊन शाळेत जात होती आणि ते दोन महिने अजून संपले नव्हते.

सासरे म्हणजे पेंटरमामा. उभं आयुष्य गाड्यांवर नंबर आणि नावं रंगवण्यात गेलेलं, हात असा की रेघ मारली तर फूटपट्टीनं लाजावं. पुढे स्टिकर आले आणि ब्रशचं काम गेलं, तेव्हा त्यांनी घराच्या खालीच गाड्या धुण्याचं आणि पॉलिशचं दुकान काढलं. बायको गेलेली, मुलगी एकच. जावई घरी राहायला आला तेव्हा त्यांनी वरच्या दोन खोल्यांतली मोठी, खिडकीची खोली त्याला दिली आणि आपण स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात खाट टाकली. पहिलं ताट जावयाचं. पंखा जावयाच्या बाजूला. सासुरवास म्हणतात तो असा गोड असेल तर त्याविरुद्ध तक्रार तरी कुणाकडे करायची? तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि बुक्कीसुद्धा अशी हलकी की वळ उठू नये.

पगाराचं एकदा विचारलं तेव्हा मामा खरोखर दुखावले होते. "घरच्या माणसाला पगार? अहो, गल्ला तुमचाच आहे. लागेल तेव्हा हात घाला." जावईबापूंचा हात त्या गल्ल्यात कधी गेला नाही. ज्यात कधीही हात घालता येतो त्यात हात घालायला किती धीर लागतो, हे ज्याला करावं लागलं त्यालाच ठाऊक. गिऱ्हाइकं खूश होऊन हातावर ठेवत तेवढंच त्यांचं स्वतःचं होतं, आणि ते त्यांनी एका जुन्या मोज्यात साठवलं होतं.

आणि हे सगळं सोसलं असतं. सोसवत नव्हतं ते एकच. जावईबापूंनी मशीन हातात घेतलं की मामा येऊन मागे उभे राहत. हात पाठीमागे बांधून, श्वास रोखून. दुकानात मामांचं एकच जुनं मशीन होतं, एकाच वेगानं फिरणारं, आणि त्याच्यावर मामांचा फार जीव. पॅड रंगाला टेकलं की मागून आवाज येई, "हळू, जावईबापू. कड आहे तिथे." कड आहे हे जावईबापूंना दिसत असे. कडेचा रंग वाचावा म्हणून कागदी पट्टी त्यांनीच चिकटवलेली असे. तरी मनगट आक्रसून जाई. मग काम चांगलं झालं तर मामा कौतुकानं म्हणत, "बघा, सांगितलं म्हणून वाचली." इतक्या वर्षांत त्यांच्या हातून एकही गाडी बिघडली नव्हती आणि एकही गाडी त्यांनी स्वतः चांगली केली नव्हती.

म्हणून मशीन हवं होतं. गावाच्या दुसऱ्या टोकाला जुन्या गाड्या विकणारा एक व्यापारी होता. त्यानं जावईबापूंचा हात बघितला होता. "शेडचा एक कोपरा देतो, मागे एक खोली आहे, राहा बायकोपोरीला घेऊन," तो म्हणाला होता. "माझ्या सगळ्या गाड्या तुम्हीच चमकवायच्या. मशीन तेवढं तुमचं आणा. बघायला कुणी येणार नाही, मला वेळ नाही." ते शेवटचं वाक्य त्यानं सहज म्हटलं, पण जावईबापू ते घरी येईपर्यंत मनात घोळवत आले.

ही गोष्ट वसंतातली. पुढे उन्हाळा गेला, आणि व्यापाऱ्याचा निरोप आला की सोमवारपर्यंत येणार असाल तर या, नाहीतर दुसरा माणूस तयार आहे.

निरोप ऐकून बायको भांडी घासता घासता थांबली. ती आतापर्यंत यात फारसं बोललेली नव्हती. एकीकडे बाप, एकीकडे नवरा. तिचं म्हणजे धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

"मशीन कधी घेताय?" तिनं विचारलं.

"तेच बघतोय. त्या मधल्याचं डोकं जरा तापतं."

"अहो, तुम्ही मशीन शोधत नाही आहात. सबब शोधताय."

तिनं हात पुसले.

"मशीन आणा," ती म्हणाली. "मग बाबांना मी सांगते. तुम्हाला तोंड उघडायला नको. तुम्ही फक्त ते घरात आणा."

यापुढे पळायला वाट नव्हती. शनिवारी जावईबापू मोजा खिशात घालून अवजारांच्या दुकानात गेले आणि म्हणाले, "मधलं द्या."

दुकानदाराचा विश्वास बसेना. त्यानं दुकानाबाहेर ठेवलेलं पोचे आलेलं काळं मडगार्ड आत आणलं, लाकडी ठोकळ्यावर टेकवलं आणि वायर जोडून दिली. "एकदा शेवटचं चालवून बघा. परत यायचं नाही हं." आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

जावईबापूंनी पॅडवर कंपाउंडचे चार ठिपके दिले, चकती सगळ्यांत खाली आणली आणि बटण दाबलं. मशीन झोपेतून उठल्यासारखं सावकाश फिरायला लागलं. त्यांनी कंपाउंड पसरवून घेतलं, मग चकती एकेक टप्पा वर नेली, मडगार्डच्या वळणावर पॅड जरा कलतं केलं, वजन दिलं. वेग किंचित उतरला आणि पुन्हा सावरला. काळ्या पत्र्यातून दुकानातला दिवा हळूहळू वर आला. मागे कुणी नव्हतं. एक खिळेमोळे घेणारा माणूस होता, त्याचं लक्ष मोळ्यांत होतं. जावईबापूंनी मुद्दाम कडेवरून पॅड नेलं, पट्टी न लावता, अगदी धारेवरून. कड शाबूत राहिली. त्यांना एकदम गुदगुल्या झाल्यासारखं हसू आलं आणि ते त्यांनी दाबलं नाही.

"हेच," ते म्हणाले.

पैसे दिले. पण जाड पॅडची मोठी प्लेट दुकानात शिल्लक नव्हती, ती संध्याकाळी येणार होती. "संध्याकाळी येऊन सगळं बरोबरच नेतो," जावईबापू म्हणाले. कुणाला बोलू नका, हे त्यांच्या ओठांवर आलं होतं. पण तसं म्हटलं तर दुकानदार विचारणार, का? ताकाला जाऊन भांडं लपवायची ही जुनी खोड. ते काही न बोलता निघाले.

आणि इथे घोळ झाला. दुकानदारानं जे केलं ते वाईट बुद्धीनं केलं असतं तर त्याला दोन शिव्या तरी देता आल्या असत्या. त्यानं आदरानं केलं. पेंटरमामांच्या जावयानं जड खोकं काखेत मारून भर रस्त्यानं चालत जायचं? मामा काय म्हणतील? संध्याकाळी प्लेट आली तशी त्यानं खोकं स्कूटरला बांधलं आणि स्वतः मामांच्या दुकानात नेऊन पोचवलं.

जावईबापू तेव्हा एका गाडीच्या पोटाखाली हात घालून चिखल काढत होते. त्यांनी आधी स्कूटर ऐकली, मग दुकानदाराचा आवाज ऐकला.

"मामा, हे घ्या तुमच्या जावईबापूंचं मशीन. रोख पैसे मोजलेत त्यांनी. मी म्हटलं, त्यांना कशाला त्रास."

मामा खोक्याजवळ आले. त्यांनी झाकण उघडलं, मशीन बाहेर काढलं, त्याच्याकडे पाहिलं. मग गाडीखालून अर्धवट बाहेर आलेल्या जावयाकडे पाहिलं. समोर दुकानदार, गाडीचा मालक, आणि आवाज ऐकून आलेला टायरवाला उभे.

"दुकानासाठी आणलं," मामा अखेर म्हणाले. डोळे भरून आले होते. "बघा रे. माझं जुनं झालं म्हणून स्वतःच्या पैशानं दुकानासाठी मशीन आणलं माझ्या जावयानं. मला विचारलं नाही, सवरलं नाही." ते टायरवाल्याकडे वळले. "आणि तू काय म्हणत होतास? आयत्या बिळावर नागोबा? बघ आता. बघ नागोबा."

टायरवाल्यानं कान पकडले. गाडीचा मालक म्हणाला, असा जावई मिळायला नशीब लागतं. दुकानदारानं जावईबापूंच्या पाठीवर थाप मारली. जावईबापू चिखलाचे हात घेऊन उभे होते आणि हसत होते. दुसरं काय करणार? चार माणसांसमोर रडणाऱ्या म्हाताऱ्याला काय सांगणार, की हे तुमच्यासाठी नाही, तुमच्यापासून लांब जायला आणलंय?

त्याच संध्याकाळी मामांनी ठेवणीतला बारीक ब्रश काढला, लाल रंगाची डबी उघडली आणि मशीनच्या पाठीवर, वळणदार अक्षरांत, दुकानाचं नाव रंगवलं. अक्षरं इतकी सुंदर आली होती की ती पुसायला जावईबापूंचा हात धजला नसता.

वर खोलीत छकुली झोपल्यावर ते बायकोला म्हणाले, "तू सांगणार होतीस."

"गेले होते सांगायला. बाबा रंग वाळावा म्हणून मशीनला वारा घालत बसले होते, पुठ्ठ्यानं." ती जरा थांबली. "तरी सांगेन. तुम्ही हो म्हणा. आत्ता खाली जाते."

जावईबापूंनी उठून पंखा वाढवला.

"सोमवारपर्यंत वेळ आहे," ते म्हणाले.

रविवार असाच गेला. मामांनी येईल त्याला मशीन दाखवलं. जावईबापूंनी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा पाणी मागितलं.

सोमवारी सकाळी मामा नेहमीच्या वेळी दुकानात नव्हते. जावईबापूंना वाटलं, हीच वेळ, ते आले की सांगून टाकायचं. तेवढ्यात एक करडी गाडी दारात येऊन थांबली आणि चालवणाऱ्याच्या सीटवरून मामा उतरले, लहान पोरासारखे खूश. गाडी ओळखीची होती. व्यापाऱ्याच्या शेडमध्ये, ज्या कोपऱ्यात जावईबापूंनी मनातल्या मनात आपलं सामान मांडलं होतं, त्याच कोपऱ्यात ती उभी असे.

"काम इकडे आणलं," मामा म्हणाले. "त्याच्या सगळ्या गाड्या आता आपल्याकडे. ही पहिली."

जावईबापूंनी गाडीच्या बॉनेटवर हात टेकला. बोटांखाली खरखर लागली, उन्हानं मेलेला रंग.

मामांनी पट्टीचं भेंडोळं घेतलं आणि दिव्याच्या कडेनं पट्टी लावू लागले. मान वर न करता बोलत होते.

"टायरवाल्यानं तुम्हाला तिकडे बघितलं होतं. मला सांगितलं त्यानं. दोन रात्री डोळा लागला नाही माझा. मशीन आलं तेव्हा मला कळलं होतं, जावईबापू, ते कशासाठी आलंय ते. एवढा दुधखुळा नाही मी. पण चार माणसं उभी होती. माझ्या तोंडून निघून गेलं, दुकानासाठी म्हणून." त्यांनी पट्टी अंगठ्यानं दाबून बसवली. "मग म्हटलं, तिकडचं कामच इकडे आणू. तुम्हाला काम हवं होतं ना? मग झालं. सुंठीवाचून खोकला गेला. आता गल्लीत मला खोटं पाडू नका, एवढंच मागणं आहे."

पगार मागावा तर गल्ला उघडा. काम मागावं तर काम दारात. खोली मागावी तर खिडकीची खोली मिळालेलीच. जावईबापूंकडे जायला म्हणून जेवढी कारणं होती तेवढी मामांनी प्रेमानं एकेक करून काढून घेतली होती, आणि तरी जावंसं वाटणं तसंच्या तसं शिल्लक होतं. आता ते कुणाला दाखवायचं म्हटलं तर त्याला नाव नव्हतं.

त्यांनी मशीन उचललं. लाल अक्षरं पंजाखाली आली. उजव्या बाजूनं सुरुवात केली, कंपाउंड पसरवलं, वेग चढवला. रंग उघडायला लागला. करड्याच्या आतून खोल, ओला वाटणारा करडा वर आला. अर्धं बॉनेट झालं. डावीकडे कंपाउंड नुकतंच पसरलं होतं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"हळू, जावईबापू. तिथे मधे पत्र्याला घडी आहे."

जावईबापूंनी बटण सोडलं. मशीन फिरत फिरत थांबलं.

"मामा, मला जायचंय."

"कुठे?"

"ठरलेलं नाही."

"मग कशाला?"

हे विचारणं साधं होतं. मामांना खरंच कळत नव्हतं. जावईबापूंनी शब्द शोधले आणि जे सापडले ते तसेच बाहेर टाकले. "माझ्या हातानं गाडी बिघडली तर ती मी बिघडवलेली असायला हवी. इथे माझ्या हातून बिघडतसुद्धा नाही काही. मला भीती वाटते मामा, मी असाच म्हातारा होईन."

मामांनी पट्टीचं भेंडोळं खुंटीला अडकवलं.

"जेवायची वेळ झाली," ते म्हणाले. "जेवून बोलू."

आणि जावईबापू वर गेले. सांगायला लाज वाटते, पण त्यांना कडकडून भूक लागली होती. आयुष्यातलं सगळ्यांत मोठं वाक्य बोलून झाल्यावर माणसाचा घास अडकावा, पाणी कडू लागावं. तसं काही झालं नाही. मामांनी स्वतः वाढलं. जावईबापू दोनदा घेऊन जेवले. जेवून बोलू म्हणालेले मामा जेवून काही बोलले नाहीत, भिंतीकडे तोंड करून खाटेवर आडवे झाले.

खाली अर्धं बॉनेट तसंच होतं. हे पॉलिशवाल्यालाच कळेल. पसरलेलं कंपाउंड रंगावर वाळलं की खडखडीत होतं, काढताना नव्या रेघा उठतात. आणि अर्धी चमकती, अर्धी मेलेली गाडी कुणी टाकून जात नाही. गाडी कुणाचीही असो, माणूस कितीही रागावलेला असो. जावईबापू खाली आले. ओलं फडकं घेऊन वाळत आलेलं कंपाउंड टिपून काढलं, नवं लावलं, मशीन सुरू केलं.

मागे कुणी नव्हतं.

हे त्यांच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. मनगट सैल होतं. मधली घडी त्यांनी एका झोक्यात पार केली. मशीनचं डोकं कोमट झालं होतं, पण बोट टेकवत होतं. मधलं मशीन, उगाच नावं ठेवली त्याला. बॉनेटमध्ये दुकानाचं छत दिसायला लागलं, छतावरचा दिवा, दिव्याची वायर.

जिन्यावर पावलं वाजली. बायको होती. डोळे लाल, पण आवाज शांत.

"बाबांशी बोलले," ती म्हणाली. जावईबापूंनी मशीन बंद केलं. "सगळं सांगितलं. रडले खूप. मग म्हणाले, जा. म्हणाले, जायचं असेल तर मी आडवा येणार नाही, मशीनवरचं नाव तेवढं पुसून देतो. त्या वरच्या रस्त्याला माझ्या मैत्रिणीची मागची खोली रिकामी आहे, तिला फोन केला. काम मिळेल कुठेतरी, मशीन आहे आपलं." तिनं पदरानं नाक पुसलं. "बॅगेत कपडे भरलेत. छकुली शाळेतून आली की निघू शकतो. सांगा, बॅग बांधू की सोडू?"

दुकानाचं शटर पूर्ण वर होतं. रस्ता समोर होता. टायरवाला कुठेतरी गेला होता, मामा वर भिंतीकडे तोंड करून निजले होते. अडवायला कुत्रंसुद्धा नव्हतं. जावईबापूंनी आयुष्यात इतकं मोकळं दार बघितलं नव्हतं, आणि ते फडकं उचलून चकचकीत बॉनेटच पुन्हा पुसू लागले.

"हे बॉनेट होऊ दे," ते म्हणाले.

"झालंय की."

त्यांनी बॉनेटकडे बघितलं. झालं होतं.

"मग दारं राहतात," ते म्हणाले. "बॉनेट चकाचक आणि दारं तशीच, बरं दिसतं का? मी आलोच."

ती उभी राहिली. काहीतरी म्हणेल असं वाटलं. रागावेल, हाताला धरेल. तिनं फक्त त्यांच्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं, वर्कशॉपमध्ये गाडी आली की पत्रा कुठे गंजलाय ते बघतात तसं.

"बरं," ती म्हणाली आणि वर गेली.

थोड्या वेळानं वर लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला. मग एकेक हँगर दांडीला अडकवल्याचा. कपडे बॅगेतून परत कपाटात जात होते. जावईबापूंना प्रत्येक हँगर ऐकू येत होता. तिला हाक मारायला भरपूर वेळ होता, आणि जिना काही फार लांब नव्हता.

त्यांनी पॅडला कंपाउंड लावलं, कडेची पट्टी दाबून बघितली आणि डाव्या दारापासून सुरुवात केली.